बंदर किती मोठे हवे?
देशाच्या भावी आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीचा अंदाज बांधताना आर्थिक वाढीचा दर हा पहिला आधार. पण तेवढ्यावर भागत नाही. कोळसा, खनिज तेल, खते, यंत्रे यांचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो. कोळसा टनांत मोजतात, कंटेनर २० फुटी पेटीच्या मापाने; ४० फुटी पेटी म्हणजे दोन. रिकाम्या परतणाऱ्या पेट्याही धरायच्या, कारण धक्क्यावर त्या भरलेल्यांइतकीच जागा अडवतात. भारताचा वजनाने सुमारे ९५ टक्के परदेश व्यापार समुद्रमार्गे होतो, त्यामुळे इथली चूक फार महाग पडते. २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पालघरच्या वाढवण बंदराची नियोजित क्षमता वर्षाला सुमारे २.३२ कोटी पेट्यांची आहे. तिथल्या मच्छीमारांचे नुकसान मात्र टनांच्या तक्त्यात दिसत नाही; ते वेगळे मोजलेच पाहिजे.