क्लच का घसरतो?

घाटनांदूरहून अंबाजोगाईला कॉलेजात येण्यासाठी वडिलांनी सोयाबीनच्या पैशांतून जुनी मोटारसायकल घेऊन दिली. दोन महिन्यांतच जरा चढ लागला की इंजिन ओरडे, पण गाडीचा वेग वाढेना. "क्लच प्लेटा गेल्या, नव्या टाका," असे जो तो सांगू लागला.

क्लचमध्ये घर्षणाच्या व साध्या धातूच्या प्लेटा एकाआड एक असतात. स्प्रिंगा त्यांना घट्ट दाबून धरतात, म्हणून इंजिनाची ताकद चाकाला मिळते. हा दाब कमी झाला की प्लेटा घसरतात, तापतात आणि जळतात. मोटारीचे निसरडे ऑइल घातले तरी तेच होते.

मी आधी लिव्हर पाहिला. त्याच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल हवी. ती मुळीच नव्हती. म्हणजे क्लच सदैव अर्धवट दाबलेलाच! लिव्हर ढिला वाटतो म्हणून मीच केबल ताणली होती.

प्लेटा खरोखरच जळाल्या होत्या. नव्या प्लेटा ऑइलमध्ये भिजवून बसवल्या, केबल सैल केली. नुसत्या प्लेटा बदलल्या असत्या, तर त्याही जळाल्या असत्या आणि वडिलांचे पैसे दुसऱ्यांदा गेले असते. मित्रहो, गाडी उघडण्यापूर्वी आपला हात तपासावा!