दोन थरांचा संयुक्त कारभार

चिकलठाण्यातून जाणाऱ्या जालना रस्त्यावर फळांच्या गाड्यांवरील पिकून मऊ झालेल्या केळ्यांभोवती घोटाळणारी जी बारीक चिलटे आपण सहज हाताने हाकलतो, त्या ड्रॉसोफिलाच्या कुळातील एका जातीने विसाव्या शतकात जीवशास्त्राचे स्वरूप पालटले. १९१० साली न्यूयॉर्कमध्ये थॉमस मॉर्गन यांना पांढऱ्या डोळ्यांचा नर आढळला, आणि तेव्हापासून आनुवंशिकतेच्या अनेक महत्त्वाच्या प्रश्नांची उत्तरे याच कीटकाकडे मागितली जाऊ लागली.

या माशीचा पंख अळीच्या शरीरातच एका चकतीच्या रूपाने सिद्ध होत असतो. आरंभी सुमारे पन्नास पेशींची असलेली ही चकती अळी कोषात जाण्याच्या सुमारास सुमारे पन्नास हजार पेशींपर्यंत वाढते. तिची रचना तोंड मिटलेल्या चपट्या थैलीसारखी असते : एका बाजूस उंच, स्तंभाकार पेशींचा अभिस्तर, म्हणजे सलग थर, ज्यातून पंख आणि पाठीचा भाग घडतो, दुसऱ्या बाजूस पसरट, अतिशय पातळ पेशींचा अभिस्तर, आणि दोहोंमध्ये अरुंद पोकळी. कोषावस्थेत पातळ थर आकुंचन पावून पंखाला बाहेर पडण्यास साह्य करतो. परंतु प्रौढ शरीराच्या घडणीत त्याचा वाटा नगण्य असल्यामुळे दीर्घकाळ त्याची गणना केवळ आवरणात झाली.

या समजुतीला २००० साली धक्का बसला. सिएटलमध्ये गिब्सन आणि शूबिगर यांनी, तर ह्यूस्टनमध्ये क्वांग-वुक चोई यांच्या गटाने डोळ्याच्या चकतीवर काम करून दाखविले की पातळ थरातील पेशींमध्ये बिघाड केला असता समोरच्या, प्रत्यक्ष न छेडलेल्या स्तंभाकार थराची वाढ व आकृतिबंधही विस्कटतात. या पेशी पोकळी ओलांडून समोरच्या थरापर्यंत पोहोचणारे बारीक तंतू पाठवितात. शिवाय हेजहॉग, विंगलेस आणि डेकापेंटाप्लेजिक ही संदेशवाहक प्रथिने त्यांच्यातही निर्माण होतात. १९९५ च्या नोबेल पारितोषिकाने गौरविलेल्या भ्रूणविकासाच्या अभ्यासातून यांपैकी काही प्रथिनांच्या संदेशमार्गांचा शोध सुरू झाला होता.

मराठवाड्याच्या वाचकाला विशेष समाधान वाटावे अशी गोष्ट अशी की, १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्याचा आपला मुलूख भाग होता, त्याच नावाच्या शहरातील पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातून पल्लवी आणि एल. एस. शशिधर यांनी २००३ साली दोन थरांमधील या संवादाचा आणखी एक दुवा उजेडात आणला. पातळ थरात ईजीएफआर-रास हा संदेशमार्ग कार्यरत असतो, आणि त्याचे नियमन बिघडल्यास दोन्ही थरांच्या विकासातील सुसंवाद ढळतो, असे त्यांच्या संशोधनाने दाखविले. पुढे शशिधर पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत आले आणि ड्रॉसोफिलावरील हे अध्ययन महाराष्ट्रात पुढे चालू राहिले.

या शोधाचे मोल पंखापुरते मर्यादित नाही. आपल्या शरीरातील त्वचा, आतडी, फुप्फुसे यांचे अस्तर अभिस्तरांचेच असते, आणि माणसाचे बहुसंख्य कर्करोग अभिस्तरीय पेशींतूनच उद्भवतात. म्हणून शेजारचा थर पेशीच्या वाढीची हद्द कशी राखतो हे जाणणे हा वैद्यकाच्याही अगत्याचा विषय आहे. शिवाय या अभ्यासाला फार साधनेही लागत नाहीत : मक्याचे पीठ, साखर, यीस्ट आणि अगर यांवर पोसली जाणारी ही माशी पंचवीस अंश सेल्सिअस तापमानात सुमारे दहा दिवसांत एक पिढी पूर्ण करते. एवढ्या अल्प साधनांत मूलभूत विज्ञानाचा संस्कार होऊ शकत असताना आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांनी तो विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविणे हे त्यांचे कर्तव्यच आहे.