जंगलातील लेणी आणि त्यांची नोंद

पुरातत्त्व म्हणजे उत्खनन, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. परंतु उत्खननाच्या आधीचे आणि तितकेच मोलाचे काम म्हणजे सर्वेक्षण होय. कुदळ न लावता जमिनीवर जे दिसते ते शोधणे, मोजणे, नकाशावर मांडणे, शिलालेखांची नोंद करणे, याला सर्वेक्षण म्हणतात.

सरकारी वनजमिनीवर हे काम अधिक कठीण असते. जमीन वनखात्याची, प्राचीन वास्तूंची जाण पुरातत्त्व खात्याला. दोहोंचे सहकार्य असेल तरच काम पुढे सरकते.

मध्य प्रदेशातील बांधवगड व्याघ्र प्रकल्पाचेच उदाहरण पाहा. तेथील शिलालेखांची पाहणी १९३८ साली झाली होती. त्यानंतर थेट २०२२ च्या मे-जून महिन्यांत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने सुमारे १७० चौरस किलोमीटर जंगल पिंजून काढले. त्यात २६ लेणी नोंदवली गेली व त्यांतील बहुतांश बौद्ध आहेत. काहींत दगडात कोरलेले शयनओटे आहेत. २४ ब्राह्मी शिलालेख, २६ मंदिरे व ४६ शिल्पेही नोंदवली गेली. लेखांत मथुरा व कौशांबी ही नगरनावे येतात. म्हणजे आज जेथे वाघ फिरतो, तेथे एके काळी दूरच्या नगरांशी नाते असलेली वस्ती होती.

नोंदीला एवढे महत्त्व का? १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु हे संरक्षण अधिसूचित स्मारकालाच मिळते, आणि नोंदच नसेल तर अधिसूचना निघणार कशाची? जंगलाने लेणी माणसांपासून जपली, हे खरे. पण झाडांची मुळे कातळ फोडतात, पावसाचे पाणी अक्षरे झिजवते. नोंदीपूर्वी जे गेले, ते इतिहासातूनही गेले.

आपल्या मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शंभरहून अधिक कान्हेरी लेणी आहेत. तेथे सहलीस जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी भिंतीवर नाव कोरू नये, लेखावर खडू वा रंग लावू नये. रानात अनोळखी लेणे किंवा कोरीव दगड दिसल्यास तो हलवू नये. छायाचित्र घेऊन जागा लिहून ठेवावी व वनखात्यास आणि पुरातत्त्व खात्यास लेखी कळवावे. वारशाचा अभिमान बाळगणाऱ्याने एवढी शिस्त तरी पाळलीच पाहिजे.