चूक चालकाची, मग रस्ता निर्दोष?

‘चालकाचं नियंत्रण सुटलं.’ अपघाताची बातमी या वाक्यावर संपते, एफआयआरही बहुधा इथंच थांबतो. मग ‘लोकांनाच शिस्त नाही’ म्हणायला सगळे मोकळे. पुरावा म्हणून केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा 2022 चा अहवाल दाखवतात: 1,68,491 मृत्यू, त्यातले 71 टक्के अतिवेगामुळे. पण हा अहवाल पोलिसांच्या नोंदींवरच उभा आहे! जिथं रस्त्याची तपासणीच झाली नाही, तिथं रस्त्याचा दोष नोंदीत येणार कुठून?

पालघर जिल्ह्यातल्या चारोटीजवळचा सूर्या नदीवरचा पूल घ्या. 4 सप्टेंबर 2022 ला उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी तिथं कठड्यावर आदळली. तीन लेनचा रस्ता पुलापाशी दोन लेनचा होत होता. सात तज्ज्ञांच्या न्यायवैद्यक पथकाला पुलाची रचनाच सदोष आढळली. कठड्याची भिंत शोल्डर लेनमध्ये घुसली होती. मर्सिडीजच्या अहवालानुसार धडकेच्या पाच सेकंद आधी वेग ताशी 100 किलोमीटर होता, आदळताना 89. म्हणजे वेग होताच, तो कुणी नाकारत नाही. पण वाट चुकलेल्या गाडीपुढं काँक्रीटचं उघडं टोक कुणी ठेवलं? कठड्याच्या बरंच आधीपासून नीट जोडलेला क्रॅश बॅरियर असला, तर गाडी त्याला घासत पुढं सरकते.

ताशी 80 च्या वेगात दोन सेकंद नजर हटली की गाडी 44 मीटर आंधळी धावते. मागं रडणाऱ्या पोराकडं बघायलाही तेवढाच वेळ लागतो. माणूस चुकणारच, हे धरूनच रस्ता बांधायचा असतो. स्वीडननं 1997 मध्ये हेच धोरण म्हणून स्वीकारलं. आपल्याकडंही 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 198अ आलं: सुरक्षेचे निकष न पाळल्यानं मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित यंत्रणा, ठेकेदार आणि सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड. जीव गेला तरी जास्तीत जास्त एक लाख!

आणखी काही समज. ‘हँड्सफ्री असलं की चालतं.’ नाही; हात मोकळे राहतात, लक्ष फोनवरच असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनाही हँड्सफ्रीला फारसं सुरक्षित मानत नाही. ‘सरळ, रुंद रस्ता सुरक्षित.’ एकसुरी रस्त्यावर डुलकी लागते. ‘ती जागाच वाईट आहे.’ जागेला नारळ फोडू नका, तिथला उतार, वळण आणि दिवे तपासायला लावा. ‘मागच्या सीटवर पट्टा कशाला?’ चारोटीला पुढचे दोघं वाचले. मिस्त्रींसह मागच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, ते दगावले.