ब्लॉक नंबर सात

सकाळी 6:50. मॅडम एसटीच्या फलाटावर. पर्समध्ये नेमणुकीचं पत्र, दोन पेनं, पाण्याची बाटली, डबा. त्यांची शाळा घरापासून पाच मिनिटांवर. आजची ड्यूटी मात्र दोन एसट्या बदलून. 2025 च्या दहावीला, आधी कॉपी सापडलेल्या केंद्रांवर मंडळानं दुसऱ्या शाळांचे पर्यवेक्षक नेमलेत. बायकांना अर्धं तिकीट, तेवढाच आधार.

9:40. फाट्यापासून पायी. झेरॉक्सची दुकानं बंद. फाटकावर पोलीस. कुंपणाबाहेर मोटारसायकली लावून पोरांचे मामा, भाऊ उभे.

10:25. मुलींची झडती मॅडमकडे. कंपासपेटी, ओढणीची गाठ, हॉल तिकिटाची मागची बाजू. मायक्रो झेरॉक्सच्या चिठ्ठ्या निघतात, बोटभर रुंदीच्या. "आत्ताच टाका गं. आत सापडली तर पेपर जाईल." पायाशी ढीग होतो.

11:00. वर्गातच प्रश्नपत्रिकांचं पाकीट दाखवलं, दोन मुलांच्या सह्या घेतल्या, मग फोडलं. इंग्रजी, 80 गुण. ब्लॉकमध्ये 25 मुलं.

11:50. खडा गुंडाळलेला कागद खिडकीतून आत पडतो. मॅडम उचलतात, खिडकी लावतात. वीज नाही, पंखा बंद. मुलांचे हात घामानं उत्तरपत्रिकेला चिकटायला लागतात. मॅडम खिडकी उघडतात आणि स्वतः तिच्यापुढं उभ्या राहतात. पाठीवर ऊन, नजर वर्गावर.

12:45. तिसऱ्या बाकावरची मुलगी पुरवणी मागते. ब्लॉकमधली पहिली. मॅडम सही करून देतात. मागच्या बाकावरचा मुलगा पहिल्याच पानावर थांबलाय.

1:25. भरारी पथकाची जीप. पथक पाच मिनिटांत ब्लॉक बघून गेलं.

2:10. टोल. उत्तरपत्रिका गोळा केल्या, क्रमानं लावल्या, दोनदा मोजल्या. केंद्रसंचालकांच्या टेबलावर दिल्या. सव्वातीन तासांनी मॅडम खुर्चीवर टेकल्या. डबा उघडला, भाजी आंबली होती. चटणी-भाकरी खाल्ली.

2:50. नळावर मागच्या बाकावरचा मुलगा भेटला. "मॅडम, आम्हाला वर्षभर इंग्रजीला सरच नव्हते." मॅडमनी त्याला आधी पाणी पिऊ दिलं.

4:15. परतीची एसटी. पुढच्या पेपरला पुन्हा हीच गाडी.

त्या मुलीची पुरवणी तिच्या स्वतःच्या अक्षरांनी भरली, यासाठी मॅडमचं खिडकीत उभं राहणं गरजेचंच होतं. पण मार्चमध्ये बाहेरून पर्यवेक्षक पाठवता येतो, तर जूनमध्ये त्या शाळेला इंग्रजीचा शिक्षकही पाठवा.