टाकीचा गिझर की इन्स्टंट गिझर? किमतीपलीकडचा हिशेब

गिझर बहुधा ऐन थंडीत बिघडतो, कारण तेव्हाच तो सर्वांत जास्त चालतो. घरात शाळेत जाणारी मुले असतात, वयस्कर आई-वडील असतात. एक दिवस चुलीवर किंवा गॅसवर पाणी तापवून निभावते, दुसऱ्या दिवशी आपण दुकानात उभे असतो. घाईत घेतलेली वस्तू मग आठ-दहा वर्षे आपल्या वीजबिलात राहते. म्हणून हा हिशेब गिझर चालू असतानाच करून ठेवा.

दुकानात मुख्यतः दोन प्रकार दिसतील. पहिला टाकीचा, म्हणजे स्टोरेज गिझर. तो १५ किंवा २५ लिटर पाणी तापवून साठवतो आणि बहुतेक वेळा २ किलोवॉटचा असतो. दुसरा इन्स्टंट गिझर. त्यात १ ते ३ लिटर पाणी मावते, पाणी वाहता वाहता तापते आणि तो बहुधा ३ किलोवॉटचा असतो. इन्स्टंट स्वस्त असतो, टाकीचा महाग.

बिल कशाने वाढते?

"३ किलोवॉटचा गिझर म्हणजे बिल जास्त" असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे १.१६ वॉट-तास वीज लागते. हा निसर्गाचा नियम आहे, तो कंपनीप्रमाणे बदलत नाही. ३ किलोवॉटचा गिझर तेच पाणी कमी वेळात तापवतो, इतकेच.

आता आपली बादली मोजू. १८ लिटर पाणी आंघोळीसाठी ४० अंशांपर्यंत तापवायचे आहे. मुंबईत नळाचे पाणी २५ अंशांचे धरले, तर एका बादलीला साधारण ०.३१ युनिट वीज लागते. दिल्लीत जानेवारीत पाणी १५ अंशांचे धरले, तर तीच बादली ०.५२ युनिट घेते. चार माणसांच्या घरात महिन्याला मुंबईत सुमारे ३८ युनिट आणि दिल्लीत सुमारे ६३ युनिट झाले. युनिटचा दर ८ रुपये धरा: साधारण ३०० आणि ५०० रुपये. गिझर कोणताही घ्या, एवढा खर्च होणारच.

मग फरक कुठे पडतो?

फरक पडतो पाणी नुसते गरम ठेवण्यात. टाकीतले पाणी हळूहळू निवते, गिझर ते पुन्हा तापवतो. स्टोरेज गिझरच्या स्टार लेबलवर ही गळती छापलेली असते: चोवीस तासांत किती युनिट. तिला स्टँडिंग लॉस म्हणतात. जास्त स्टार म्हणजे ही गळती कमी.

समजा लेबलवर ०.७ आहे आणि तुमच्या घरी गिझर दिवसभर चालूच असतो. महिन्याला २१ युनिट, म्हणजे सुमारे १७० रुपये, आंघोळ न करताच गेले. वर्षाला दोन हजार. पण आंघोळीआधी वीस मिनिटे गिझर लावून सगळ्यांच्या आंघोळी पाठोपाठ उरकल्या आणि बटण बंद केले, तर ही गळती नाममात्र राहते. तुमच्या घरी अशी शिस्त असेल, तर केवळ स्टारसाठी दोन हजार रुपये जास्त मोजून ते लवकर वसूल होणार नाहीत. मोठे कुटुंब असेल, सकाळी सहापासून अकरापर्यंत कोणी ना कोणी आंघोळीला जात असेल, तर ते वसूल होण्याची शक्यता जास्त.

तुमच्या गावाची थंडी पाहा

इन्स्टंट गिझरमध्ये गळतीचा प्रश्न जवळजवळ नाही. त्याची मर्यादा वेगळी आहे. ३ किलोवॉटवर तो मुंबईत मिनिटाला पावणेतीन-तीन लिटर पाणी देईल, म्हणजे बादली सहा-सात मिनिटांत भरेल. दिल्लीच्या जानेवारीत तोच गिझर मिनिटाला पावणेदोन लिटरच देईल आणि बादलीला दहा-अकरा मिनिटे लागतील. नळ जास्त सोडला तर पाणी कोमट येईल. शॉवरला मिनिटाला सहा ते आठ लिटर पाणी लागते. ते वाहतावाहता तापवायचे तर मुंबईतही ६ ते ८ किलोवॉट वीज एकदम ओढली जाईल. आपल्याकडच्या बहुतेक घरांची मंजूर वीज तेवढी नसते. म्हणून शॉवरची सवय असलेल्या घराला टाकीचाच गिझर बरा.

१५ लिटरची टाकी ६० अंशांपर्यंत तापली, तर गार पाणी मिसळून मुंबईत सुमारे ३५ लिटर म्हणजे जवळपास दोन बादल्या, आणि दिल्लीत २७ लिटर म्हणजे दीड बादली आंघोळीचे पाणी मिळते. टाकी पुन्हा तापायला २० ते २५ मिनिटे लागतात. मुंबई, कोकण, गोवा, चेन्नई अशा ठिकाणी बादलीने आंघोळ करणाऱ्या लहान कुटुंबाला इन्स्टंट पुरेसा आहे. दिल्ली, भोपाळ किंवा इंदूरसारख्या ठिकाणी चार माणसांना १५ किंवा २५ लिटरची टाकी सोयीची.

बिलातला टप्पा विसरू नका

गिझरचे युनिट तुमच्या नेहमीच्या वापराच्या वर चढतात. त्यामुळे त्यांना सरासरी दर लागत नाही, वरच्या टप्प्याचा दर लागतो. महावितरणच्या घरगुती दरांत १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे बदलतात. तुमचा वापर ९० युनिट असेल आणि गिझरचे ३८ वाढले, तर २८ युनिट महागड्या टप्प्यात गेले. दिल्लीत २०१९ पासून आणि कर्नाटकात २०२३ पासून २०० युनिटांपर्यंतच्या वापराला सवलतीच्या योजना आहेत. अशा राज्यात मर्यादा ओलांडली की चार युनिटांचा फरकही शेकडो रुपयांचा होऊ शकतो. मागच्या थंडीतली तीन बिले काढून बघा.

किमतीवर न छापलेले खर्च

३ किलोवॉटचा गिझर १३ अँपिअर वीज ओढतो. त्याला १६ अँपिअरचे पॉवर सॉकेट, जाड तांब्याची वायर आणि चांगले अर्थिंग हवेच. ४.५ किलोवॉटचा इन्स्टंट जवळपास २० अँपिअर ओढतो, त्याला हे सॉकेटही पुरत नाही. वायरिंग बदलावे लागणार असेल, तर तो खर्च गिझरच्या किमतीत मिळवूनच तुलना करा. बाथरूममध्ये विजेचा धक्का लागू नये म्हणून आर.सी.सी.बी. बसवून घ्या. ज्या गावात पाणी जड आहे, तिथे क्षार बसून कॉइल लवकर जाते, त्याची साफसफाई धरा. टाकी, कॉइल आणि पूर्ण वस्तू यांची वॉरंटी वेगवेगळी असते. तिन्ही आकडे विचारून बिलावर लिहून घ्या. आयएसआय शिक्का बघायला विसरू नका.

जुना गिझर टाकण्याआधी मेकॅनिकला एकच प्रश्न विचारा: टाकी गळते आहे का? कॉइल किंवा थर्मोस्टॅट गेला असेल तर दुरुस्ती थोडक्यात होते. टाकीच गळत असेल तर मात्र नवा घ्या.

गॅस गिझर स्वस्त पडतो का?

१४.२ किलोच्या सिलिंडरमधून साधारण १४५ युनिट विजेइतकी उष्णता पाण्यात उतरते. सिलिंडरच्या किमतीला १४५ ने भागा आणि आपल्या विजेच्या दराशी ताडून पाहा. सिलिंडर ९०० रुपयांचा असेल तर युनिट सव्वासहा रुपयांच्या आत पडते. ८ रुपयांच्या विजेपुढे मुंबईच्या कुटुंबाची महिन्याला साठ-सत्तर रुपयांची बचत होईल, दिल्लीच्या कुटुंबाची शंभर-सव्वाशेची. पण बंद बाथरूममध्ये गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आत असलेल्या माणसाला कळायच्या आधी शुद्ध हरपते. यात माणसे दगावली आहेत. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवायची सोय असेल तरच विचार करा. नसेल तर हा पर्याय हिशेबातून काढून टाका.

पैसे कुठून आणायचे?

दुकानात "नो कॉस्ट ईएमआय" सुचवतील. शून्य टक्के व्याज असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले आहे. एक उदाहरण घ्या. गिझर ७,००० रुपयांचा, रोख दिले तर ५०० रुपये सूट. सहा हप्त्यांत घेतला तर सूट नाही, वर १९९ रुपये प्रोसेसिंग फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३५ रुपये. एकूण ७३५ रुपये जास्त गेले, तेही फक्त सहा महिन्यांसाठी आणि दर महिन्याला कमी होत जाणाऱ्या रकमेवर. वर्षाच्या हिशेबाने हे व्याज ३५ टक्क्यांच्या वर जाते.

यापेक्षा साधा मार्ग आहे. पोस्टाचे आवर्ती ठेव खाते महिन्याला १०० रुपयांपासून उघडता येते आणि त्याची मुदत पाच वर्षांची असते. पाच वर्षांत तुमचे ६,००० रुपये जमतात, वर सरकारने ठरवलेले व्याज मिळते. चांगला गिझर त्याहून जास्त टिकतो. नवा गिझर भिंतीवर चढला, त्याच महिन्यात पुढच्या गिझरसाठी हे खाते उघडा, आणि पासबुकच्या पहिल्या पानावर गिझर घेतल्याची तारीख लिहून ठेवा.