हाक मारली की पिल्लू धावत यायला हवं? 🐾

आमची चिंगी चार महिन्यांची. ‘चिंगी, ये!’ म्हटलं की मान वळवून बघायची आणि पुन्हा चप्पल चावत बसायची. चूक माझीच. मी बोलवायचो ते आंघोळीला, नाहीतर ओरडायला! मग नव्याने सुरुवात केली:

🔸 नवा शब्द घेतला, ‘इकडे’. घरातल्या सगळ्यांनी तोच म्हणायचा, तोही एकदाच.
🔸 आधी घरात, दोन पावलांवरून. आली की १-२ सेकंदांत उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा. उशीर झाला तर खाऊ कशाबद्दल मिळाला ते तिला कळत नाही.
🔸 मग मैदान, पण ५ ते १० मीटरची दोरी हार्नेसला लावूनच. गळ्यातल्या पट्ट्याला लावली तर मानेला हिसका बसतो.
🔸 आली की खाऊ देऊन पुन्हा खेळायला सोडायचं. नाहीतर ‘गेलं की खेळ संपला’ हे पिल्लू पटकन शिकतं.

मी शिक्षक. वर्गात कहूट या क्विझ अ‍ॅपवर प्रश्न टाकला की बरोबर-चूक लगेच दिसतं, म्हणून मागच्या बाकावरचेही सरसावतात. चिंगीचंही तसंच, खाऊ लगेच मिळतो म्हणून धावत येते!

रोज चार-पाच वेळा, दोन-दोन मिनिटं पुरे. तुमचं पिल्लू कोणत्या हाकेला येतं?